मदत हवी: सर्जरीआधीचं खालचं इलेक्ट्रोलिसिस, भुलीचं इंजेक्शन किती आणि कुठं? (कोल्हापूर)

पंचगंगा_घाट
व्हजायनोप्लास्टीआधी (योनी तयार करायची सर्जरी) केस काढून घ्यायचे आहेत. सर्जननी नकाशा दिलाय: शिश्नाची कातडी, वृषणकोशाचा मधला पट्टा आणि पेरिनियम (वृषणकोश ते गुदद्वार यामधला भाग). लेझर झालंय, उरलेल्यासाठी इलेक्ट्रोलिसिस (बारीक सुईतून करंट देऊन केसाचं मूळ मारणं). टेस्ट पॅचला प्रिलॉक्स (लिग्नोकेन-प्रिलोकेनची बधिर करणारी क्रीम) लावलं, शिश्नावर चाललं, वृषणकोशावर अजिबात नाही. वजन ६० किलो. इस्ट्रोजेन आणि स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी) चालू आहे. इलेक्ट्रॉलॉजिस्ट पुण्यात आहेत. राजारामपुरीतले एक डॉक्टर २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचून द्यायला तयार आहेत. इथून टोचून घेऊन गेलं तर चालेल का? एका वेळी किती घ्यावं? आणि सोबत कुठली गोळी?

सुईवाली
पहिल्याचं उत्तर सोपं आहे: कराड यायच्या आत भूल उतरायला लागेल. साधं लिग्नोकेन त्वचेखाली तासभर, फार तर दीड तास टिकतं. अॅड्रिनॅलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं जास्त टिकतं, पण तेही बसमध्ये वाया घालवू नका. टोचणारा माणूस आणि सुई लावणारा माणूस एकाच छताखाली पाहिजेत. पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच्या क्लिनिकमध्ये बसणारा इलेक्ट्रॉलॉजिस्ट शोधा, नाहीतर तुमच्या इलेक्ट्रॉलॉजिस्टना डॉक्टर बोलवायला सांगा. इंजेक्शन नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यायचं. इलेक्ट्रॉलॉजिस्टनी नाही, तुम्ही स्वतः तर मुळीच नाही.

माझ्या बाजूचं सांगते. टोचल्या टोचल्या कातडी फुगते, केसाचं मूळ खोल जातं आणि कोन बदलतो. अशा फुगलेल्या जागी घाईनं सुई घातली तर करंट मुळापर्यंत पोचत नाही, केस तुटून येतो आणि पुढच्या वेळी तोच परत. म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, फुगवटा बसू द्यायचा. चिमट्यानं केस ओढताना अडकत असेल तर मूळ मेलेलं नाही, ते ओढून काढू नये.

दुसरं, बधिर जागेवर पेशंट ओरडत नाही म्हणून करंट वाढवायचा मोह होतो. अॅड्रिनॅलिननं कातडी पांढरी पडलेली असते, त्यामुळं लालीही दिसत नाही. खड्डे आणि काळे डाग इथूनच पडतात. भूल नसताना जे सेटिंग ठेवलं असतं, तेच ठेवायला सांगा.

भूलतज्ज्ञ_करवीर
डोसचा हिशोब मिलिग्रॅममध्ये करा, मिलीलिटरमध्ये नको. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मिग्रॅ (एकूण ३०० च्या वर नाही), अॅड्रिनॅलिनसह किलोला ७ (एकूण ५०० च्या वर नाही). तुमच्या ६० किलोला साधं २७० मिग्रॅ. २ टक्के म्हणजे मिलीला २० मिग्रॅ, म्हणजे १३.५ मिलीत कोटा संपला. वृषणकोश आणि पेरिनियमला एवढ्यात पुरत नाही. तेच २ टक्के तितकंच नॉर्मल सलाइन घालून १ टक्का केलं की २७ मिली मिळतात. अशा वरवरच्या भुलीला १ टक्का भरपूर होतं. आणि हा आकडा गाठायचा नाही, त्याच्या बराच खाली थांबायचं.

दोन तासांनी पुन्हा टोचलं तर आधीचं शून्य झालेलं नसतं, अंगात बरंच शिल्लक असतं. लांब सेशनला एक भाग संपल्यावर दुसरा भाग टोचतात, सगळं एकदम नाही.

शिश्नाच्या मुळाशी दिलेला डॉर्सल नर्व्ह ब्लॉक (वरच्या नसेजवळ दिलेली भूल) शाफ्ट बधिर करतो, खालची बाजू कधी कधी राहते, तिथं रिंग (गोल भोवतीनं टोचणं) करावी लागते. वृषणकोशाच्या नसाच वेगळ्या: पुढून इलिओइंग्विनल आणि जेनिटोफेमोरल, मागून प्युडेंडल. त्यामुळं ‘एक ब्लॉक दिला, तरी खाली दुखतंय’ ही तक्रार नेहमीची. तिथं त्वचेखाली थेट सोडावं लागतं. शिश्नावर अॅड्रिनॅलिन वापरायचं की नाही यावर डॉक्टरांची मतं वेगळी आहेत, बरेच जण टाळतात, हट्ट धरू नका.

टोचणं सुसह्य करायचं तर ३० गेजची (अगदी बारीक) सुई, औषध अंगाच्या उबेइतकं कोमट, आणि अगदी सावकाश. दहा मिलीला एक मिली सोडियम बायकार्बोनेट घातलं की आग खूप कमी होते. हे ऐनवेळी मिसळायचं, जास्त घातलं तर साका बसतो. पुढचं टोचणं आधीच बधिर झालेल्या कडेतून करायचं.

तोंडाला धातूची चव, ओठ-जीभ बधिर, कानात घणघण, स्नायू उडणं: यातलं काहीही जाणवलं तर तिथल्या तिथं सांगा, टोचणं थांबलं पाहिजे. खोलीत ऑक्सिजन, सलाइनची सोय आणि २० टक्के लिपिड इमल्शन (लिग्नोकेन अंगात चढलं तर द्यायचा उतारा) आहे का, हे आधी विचारा. नसेल तर ती जागा सोडा.

पंचगंगा_घाट
क्रीम जाड लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर इंजेक्शन कमी लागेल ना?

भूलतज्ज्ञ_करवीर
हेच टाळा. वृषणकोशाची कातडी पातळ, औषध भराभर रक्तात जातं. पायाला तासभर ठेवायची क्रीम पुरुषाच्या जननेंद्रियाच्या त्वचेवर साधारण १५ मिनिटंच, दहा चौरस सेंमीला एक ग्रॅम. लेझरआधी मोठ्या भागावर कडक क्रीम लावून वर प्लास्टिक बांधल्यानं अमेरिकेत दोन तरुणी दगावल्या, २००७ साली तिथल्या एफडीएनं त्यावर जाहीर इशारा दिला. क्रीमचा उपयोग फक्त पहिल्या टोचणीपुरता, आणि तिच्यातलं लिग्नोकेनही कोट्यात धरायचं. प्रिलोकेनमुळं रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटू शकते, डॅप्सोन (कुष्ठरोगावरची गोळी) चालू असेल किंवा जी६पीडीची (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर आधी सांगा.

गोळी: पॅरासिटामॉल १ ग्रॅम, सेशनच्या तासभर आधी, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. आयब्युप्रोफेन स्पायरोनोलॅक्टोनसोबत मनानं घेऊ नका, पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. अॅस्पिरिन नकोच, रक्त जास्त येतं. ट्रॅमाडॉल (कडक वेदनाशामक) डॉक्टरांनी दिलं तरी नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा.

सुईवाली
तीन-चार दिवस आधी दाढी केल्यासारखं साफ करा, म्हणजे जे वर येतात ते वाढीतले केस. चिमट्यात येतील इतके वर आलेले पाहिजेत. मेण किंवा चिमटा लावू नका. एका फेरीत सगळं होत नाही, वर्षभराची तयारी ठेवा आणि सर्जरीची तारीख त्या हिशोबानं मागा. ‘ऑपरेशनमध्ये खरवडून टाकू’ यावर विसंबू नका, आत केस उगवला तर काढायला फार अवघड.

रंकाळा_संध्याकाळ
परतीचं बघा. सुजलेल्या जागेवर पाच तास बसून येणं म्हणजे लई त्रास. रेल्वेचा बर्थ मिळाला तर आडवं येता येतं. सैल सुती चड्डी, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं, बर्फ थेट लावू नका. बधिर असताना चटका कळत नाही. बारीक खपल्या खरवडू नका. पू, ताप किंवा वाढती सूज असेल तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा जवळच्या डॉक्टरांकडं त्याच दिवशी जा, पुण्याची पुढची तारीख यायची वाट बघू नका.