भाडेकरू पोराला काला आजार असेल म्हणालेत, आमच्या गोठ्यामुळं पसरेल का?

पुलाचीशिरोली:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट हाय. घरामागं दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, एमआयडीसीत फौंड्रीत कामाला असलेली बिहारची पोरं राहत्यात. त्यातला एक मुजफ्फरपूरकडचा, दिवाळीनंतर छटपूजेला गावाकडं जाऊन आला, तेव्हा ठणठणीत होता. आता शिमगा जवळ आला आणि ह्याचा ताप काय जाईना, उतरतोय परत चढतोय. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, टायफॉइडचा कोर्स झाला, सलाईन झाली. पोरगं पार वाळलंय पण पोट डाव्या अंगाला फुगल्यागत. काल एका डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, गाव कुठलं विचारलं आणि म्हणाले प्लीहा म्हणजे पानथरी लई वाढलीय, काला आजार असू शकतो, लेशमॅनियासिस, सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) दाखवा.
नेटवर बघितलं तर सँडफ्लाय नावाच्या माशीनं पसरतो आणि ती गोठ्यात असते म्हणे. खोलीला लागूनच आमचा गोठा, म्हशी हाईत, दूध डेअरीला जातंय. आई म्हणतीय खोली रिकामी करून घे, बरोबरची पोरं म्हणत्यात रेल्वेत बसवून गावाकडं लावून देऊ. ताटातनं, दुधातनं, खोकल्यातनं लागतं का हे?

लॅबवाला:
दादा, पहिलं म्हणजे त्याला रेल्वेत बसवू नका. प्लीहा एवढी वाढलेली, अंगात रक्त कमी झालेलं असणार, दोन दिवसांचा प्रवास कशाला. ताटातून, दुधातून, खोकल्यातून, शेजारी झोपल्यानं काहीही होत नाही. लेशमॅनिया डोनोव्हानी नावाचा परजीवी आहे, सँडफ्लायची मादी आजारी माणसाला चावते, तिच्या पोटात तो वाढतो आणि मग ती दुसऱ्याला चावली की तिकडं जातो. चावल्यापासून ताप यायला साधारण दोन ते सहा महिने लागतात, म्हणजे तुमचं छटपूजेचं गणित बरोबर जुळतंय, हे तो तिकडूनच घेऊन आलाय आणि तुमच्या गोठ्याचा ह्यात काही संबंध नाही.
दोन आठवड्यांच्या वर ताप, प्लीहा मोठी, मलेरिया नाही आणि माणूस बिहार, झारखंड, बंगाल किंवा पूर्व यूपीचा, एवढं दिसलं की आरके-३९ ची स्ट्रिप करतात. बोटातलं थेंबभर रक्त, दहा-पंधरा मिनिटांत रिझल्ट. फक्त त्याला पूर्वी कधी हा आजार झाला होता का ते नक्की विचारा, कारण बरं झाल्यावरही ही टेस्ट कितीतरी वर्षं पॉझिटिव्हच येत राहते, मग बोन मॅरो (हाडातला मगज) काढून बघावं लागतं. एचआयव्ही आणि टीबीची तपासणी पण सांगतील, ती ह्या आजारात सगळ्यांचीच करतात, लगेच त्याच्याबद्दल भलतंसलतं बोलू नका.

रंकाळा_कट्टा:
काय एवढं मनावर घेताय, हे सगळं बाहेरनं येणाऱ्यांनी आणलेलं. खोली खाली करा, गोठ्यात कडुनिंबाचा धूर करा, विषय संपला.

निवृत्त_हिवताप:
कट्टेकरी, खोली खाली केली तर तो जाणार कुठं, दुसऱ्याच्या गोठ्याशेजारीच की. भारतात ह्या काला आजाराचा साठा माणसातच असतो, म्हशीत नाही, कुत्र्यात नाही (ब्राझीलकडं कुत्र्यांचा प्रश्न आहे, तो प्रकार वेगळा). म्हणजे माणसावर लवकर उपचार झाले की माशीला न्यायला काही उरतच नाही.
आणि माशी बाहेरनं आलेली नाही, ती आपल्याकडंही आहे. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाचा व्हायरस १९६५ साली सापडला, पोरांच्या मेंदूला सूज आणणारा, तो पण सँडफ्लायच पसरवते. डासाच्या पाव आकाराची, दोन-तीन मिलिमीटर, अंगावर केस, बसल्यावर पंख वर उभे. उडत कमी, टुणटुण उड्या जास्त मारते. पाण्यात अंडी घालत नाही त्यामुळं डबकी बुजवून काय उपयोग नाही, तिला लागते ओलसर माती, शेण, भिंतीच्या भेगा. रात्री चावते, साध्या मच्छरदाणीच्या भोकातनं आरामात आत येते, बारीक जाळीची लागते. माशी उंच उडत नाही म्हणूनच बिहारमध्ये फवारणी भिंतीला सहा फुटांपर्यंतच करतात. तुम्ही गोठ्याच्या भेगा लिंपून घ्या, शेणाचा ढीग खोलीपासून लांब न्या. म्हशींच्या अंगावर मनानं काही मारू नका राव, फवारणीचं आरोग्य केंद्रात विचारा.

इचलकरंजी_लूम:
आमच्या कारखान्यात सारणचा एक कामगार होता त्याला झालेलं. ताप उतरावा म्हणून कुणीतरी स्टिरॉइड दिलेलं, दोन दिवस बरं वाटलं आणि मग जास्तच. शेवटी निदान झाल्यावर लायपोसोमल अँफोटेरिसिन बी म्हणून इंजेक्शन, वजनाच्या किलोमागं दहा मिलिग्रॅम, सलाईनमधून एकाच डोसमध्ये. पूर्वी म्हणे अँटिमनीची इंजेक्शनं महिनाभर टोचायचे. पोरगं महिन्याभरानं परत लूमवर.

पुलाचीशिरोली:
मंडळी अपडेट. स्ट्रिप पॉझिटिव्ह आली, आधी कधी झाला नव्हता. ॲडमिट केलंय, उद्या सलाईन लावणार. आईला सगळं वाचून दाखवलं, आता तीच म्हणतीय डबा मी देतो त्याला. एक राहिलं, एका डोसनं विषय कायमचा मिटतो का?

लॅबवाला:
बहुतेक जणांचा मिटतो. पण डिस्चार्ज झाल्यावर महिन्याभरानं आणि सहा महिन्यांनी दाखवायला न्या, परत ताप आला तर ताबडतोब. आणि हे कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो, पूर्ण बरं झाल्यावर दोन-तीन वर्षांनी सुद्धा काहींच्या तोंडावर, अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात, पीकेडीएल म्हणतात. दुखत नाही, ताप नाही, त्यामुळं माणूस कोड किंवा कुष्ठरोग समजून लपवतो नाहीतर क्रीम लावत बसतो, आणि त्या चट्ट्यांतून माशीला परजीवी मिळत राहतो. सरकार एकेका ब्लॉकमध्ये दहा हजार माणसांमागं वर्षाला एकापेक्षा कमी पेशंट आणायच्या मागं कितीतरी वर्षं लागलं होतं, २०२३ मध्ये ते गाठलंही, पण हेच लोक निसटतात. ह्या चट्ट्यांवर मिल्टेफोसिनच्या गोळ्या असतात, कोर्स लांबलचक आहे. तुमचा भाडेकरू फौंड्री सोडून दुसरीकडं गेला तरी उपचाराचे कागद त्याच्याजवळ राहू देत, एक फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पण ठेवा.

पुलाचीशिरोली:
व्हय, उद्या फाईलचाच फोटो काढतो. आभारी हाय सगळ्यांचा. कट्टेकरी, तुमचा धूर पण केलाय, म्हशी खोकालागल्यात.