मॅक्सिलरी सायनसची पुढची भिंत: दुर्बिणीने नेमकं कुठून जावं?

कान_नाक_घसा: उजव्या मॅक्सिलरी सायनसमध्ये (गालामागची हाडातली पोकळी) इन्व्हर्टेड पॅपिलोमा (मुळात कर्करोग नसलेली, पण पुन्हा उगवू शकणारी गाठ) आहे. सीटीत पुढच्या भिंतीवर खाली हाड एका जागी जाड झालंय, म्हणजे मूळ तिथेच असावं. मिडल मिएटसमधून (नाकातली सायनस उघडते ती खाच) रुंद अँट्रोस्टॉमी (सायनसचं तोंड मोठं करणं) केली तर ७० अंशाच्या स्कोपने (तिरकी बघणारी दुर्बीण) ती जागा दिसेल, पण ड्रिल पोहोचणार नाही. इन्फिरिअर टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा खालचा उंचवटा) आणि अश्रुनलिका दोन्ही वाचवायच्या आहेत. प्रीलॅक्रिमल मार्ग, म्हणजे अश्रुनलिकेच्या पुढून सायनसमध्ये शिरणं, घ्यावा का?

अनुनासिक: हो, याच जागेसाठी तो मार्ग आहे. आधी ॲक्सिअल (आडव्या कापाच्या) सीटीवर अश्रुनलिकेची पुढची कड ते सायनसची पुढची भिंत हे अंतर मोजा. ७ मिमीपेक्षा जास्त असेल तर सहज जाता येतं. ३ ते ७ असेल तर थोडं हाड काढून नलिका तात्पुरती सरकवावी लागते. ३ च्या आत असेल तर बरंच हाड जातं आणि नलिकेला इजा व्हायची शक्यता वाढते.

चीर इन्फिरिअर टर्बिनेटच्या टोकाच्या पुढे, पायरिफॉर्म कडेलगत (नाकाच्या हाडी तोंडाची कड), उभी आणि थेट हाडापर्यंत. पेरिऑस्टियमखालून (हाडावरचं आवरण) मागे सोडवत जा. टर्बिनेटचं हाड जिथे भिंतीला चिकटतं तिथे छिन्नीने ते सुटं करा. मग नलिकेच्या पुढचं हाड थोडं थोडं काढायचं. नलिका पूर्ण मोकळी झाल्याशिवाय फ्लॅप (सोडवलेला भाग) आतल्या बाजूला ओढू नका, बहुतेक वेळा ती फाटते ती याच घाईत. फ्लॅप सरकला की ० अंशाच्या स्कोपनेही पुढची भिंत समोर येते आणि सरळ ड्रिल चालतं.

गाठ काढली म्हणजे काम झालं असं नाही. मुळाखालचं जाड हाड डायमंड बरने (ड्रिलचं हिरेकणांचं टोक) निरोगी हाड लागेपर्यंत घासायलाच हवं, नाहीतर गाठ तिथूनच पुन्हा उगवते. इन्फ्राऑर्बिटल नर्व्हचा (डोळ्याखालून गालात येणारा मज्जातंतू) मार्ग कोरोनल (समोरून उभ्या कापाच्या) सीटीवर आधीच बघून ठेवा. शेवटी फ्लॅप जागेवर ठेवून ४-० व्हिक्रिलचे (आपोआप विरघळणारा धागा) टाके.

शल्य_वाचक: एक भर. पायरिफॉर्म कडेचं हाड शक्यतो राखा. ते काढलं की ती डेंकरची शस्त्रक्रिया होते. दृश्य आणखी रुंद मिळतं, पण नाकपुडीचा पाळा आत बसू शकतो. वरच्या पुढच्या दातांचा आणि हिरडीचा बधीरपणा मात्र प्रीलॅक्रिमलमध्येही येतो, कारण अँटिरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर नर्व्ह त्याच भागातून जाते. तो बहुधा हळूहळू ओसरतो, तरी संमतिपत्रात लिहाच.

कान_नाक_घसा: मग कॅनाइन फोसातून (वरच्या सुळ्याच्या वर हाडाचा खोलगट भाग) छिद्र करून ड्रिल घालणं सोपं नाही का?

अनुनासिक: तुमच्या रुग्णात नको. ते छिद्र पुढच्याच भिंतीत पडतं, म्हणजे गाठीच्या मुळातूनच जाल. मूळ मागच्या किंवा बाहेरच्या भिंतीवर असतं तर विचार करता आला असता. तेव्हा जागा अशी धरतात: डोळ्याच्या बाहुलीच्या मध्यातून खाली उभी रेषा, पायरिफॉर्म ॲपर्चरच्या (नाकाचं हाडी तोंड) तळातून आडवी रेषा, दोन्ही मिळतात तिथे. अँटिरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर नर्व्हच्या फांद्यांना तिथे धोका कमी.

शल्य_वाचक: मिडल मिएटसची अँट्रोस्टॉमीही सोबत कराच. प्रीलॅक्रिमलची खिडकी टाक्यांनी बंद होते, मग ओपीडीत आत बघायला दुसरी वाट राहत नाही. तिथूनही पुढची भिंत नीट दिसली नाही तर एमआरआय. पुनरुद्भव उशिराही होतो, त्यामुळे तपासणी काही वर्षं चालू ठेवा, आणि काढलेली सगळी गाठ पॅथॉलॉजीला द्या. त्यातल्या एखाद्याच तुकड्यात कर्करोग दडलेला असू शकतो.