अनुभव धागा: तुमचं जुनं डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, आणि ते विकवत का नाही?

ह्यूस्टनकर

ग्रीन कार्ड हाती आलं त्या वर्षी घरात नवा सोफा यायचा होता. त्याऐवजी मी एका गहाणवटीच्या दुकानातून स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 10 घेऊन आलो. सोफा पुढच्या वर्षी आला, टोमणे अजून येतात.

चार इंची नळी, सहा घरांचं चाक, काडतूस .38 स्पेशल. नळीच्या तोंडाशी निळं पॉलिश घासून पांढरं पडलेलं, आत मात्र सगळं नव्यासारखं. कुणा पोलिसाच्या कमरेला वर्षानुवर्षं लटकलेलं असणार. वागवलं खूप, झाडलं कमी.

नवख्यांसाठी थोडक्यात: डबल अ‍ॅक्शन म्हणजे एकदाच चाप ओढायचा. त्यातच घोडा मागे जातो, चाक एक घर पुढे सरकतं आणि घोडा पडतो. अंगठ्याने घोडा आधीच ताणून घेतला तर ते सिंगल अ‍ॅक्शन, मग चाप नुसता हलवला तरी पुरतं. हे रिव्हॉल्व्हर 1899 पासून 'मिलिटरी अँड पोलिस' या नावाने निघत होतं. 1957 मध्ये कंपनीने नावांऐवजी आकडे दिले, तेव्हा ते मॉडेल 10 झालं. आजवर साठ लाखांहून जास्त बनली आहेत. म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. माझ्याकडे याहून हलकी, जास्त गोळ्यांची पिस्तुलं आली आणि गेली, हे राहिलं.

तुमचं का राहिलं, ते लिहा. भारतात परवान्यावर असलेल्यांनी तर जरूर लिहा. भाव, खरेदी-विक्री आणि सिरियल नंबर दिसणारे फोटो नकोत.

पाटीलवाडा

मस्त धागा. आमच्याकडे आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट आहे, .32 बोअर. कळ दाबली की नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसं सगळी एकदम वर येतात. लहानपणी तेवढंच बघायला आम्ही पोरं खंडेनवमीची वाट बघायचो. एरवी ते कपाटात. नवमीला पाटावर तलवार, विळा, कोयता आणि मधोमध हे, झेंडूच्या माळेत. आजी सगळ्यांना सारखंच हळदकुंकू लावायची. ओलं. आजही मुठीच्या वर दोन तांबूस डाग आहेत. बंदुकवाल्याने विचारलं, घासून नवं पॉलिश देऊ का? बाबा म्हणाले, तेवढं सोडून बाकी करा.

निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा. एका पावसाळ्यात जमा केलं ते निकालानंतर परत मिळालं तेव्हा चाक फिरेना, गंजाने धरलेलं. बाबा दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून जमा करायच्या आदल्या रात्री ते त्याला लोणच्याच्या फोडीसारखं तेलात बुडवतात.

खरी कसोटी शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने आली. एका परवान्यावर तीन हत्यारं चालायची, ती दोनवर आली. बाबांच्या नावावर बारा बोअरची बंदूक, आजोबांची ठासणीची बंदूक आणि हे. उसात रानडुकरं शिरतात, तिथे बारा बोअरचाच काय तो धाक. गावातल्या कुणीही सांगितलं असतं काय ठेवायचं ते. बाबांनी बारा बोअर दिली. ठासणीची पणजोबांपासूनची, ती निघणार नव्हती. आणि रिव्हॉल्व्हरबद्दल तर आम्ही विचारलंच नाही.

काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ कोरलेली. गेल्या दहा वर्षांत बार किती काढले? एका हाताची बोटं पुरतील.

निवृत्त फौजदार

सगळे प्रेमाने लिहितायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. हलके घ्या.

मला त्याचा लळा-बिळा नव्हता. सरकारी .38, जड धोंडा. विसर्जनाच्या बंदोबस्ताला सोळा तास उभं राहिलं की कमरेच्या हाडावर वळ उठायचा. रिव्हॉल्व्हरला बांधलेली गळ्यातली दोरी घामाने मानेला चावायची. ड्युटी बदलताना काडतुसं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. एक कमी भरलं तर रात्रीची झोप गेली.

गुण मात्र सांगतो. काडतूस फुसकं निघालं तर पिस्तुलासारखं मागे खेचत बसावं लागत नाही, पुन्हा चाप ओढा, चाक पुढचं घर आणतंच. आणि साहेबापासून शिपायापर्यंत कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येतं. नेम शिकवायला मात्र पाच वर्षं लागतात, चाप इतका जड.

आमच्याकडे वेब्लींच्यात एक स्मिथही होतं, नंबरापुढे इंग्रजी व्ही. ते कुठून आलं, कुणी सांगू शकेल का?

रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. रिक्षातून उतरताना उजवा हात अजून कमरेवर जातो, दांडीला आपटू नये म्हणून.

ह्यूस्टनकर

फौजदारसाहेब, ते व्हिक्टरी मॉडेल. दुसऱ्या महायुद्धात स्मिथने ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ फौजांसाठी बनवलेलं, माझ्या मॉडेल 10 चंच भावंड. चकाकी नाही, राखाडी फिनिश, मुठीखाली दोरीची कडी. त्याला .38/200 चं आखूड काडतूस लागतं, .38 स्पेशल नव्हे. नावात दोन्हीकडे .38 असल्याने इथेही लोक फसतात.

घड्याळवाला (न्यू जर्सी)

ज्यांना नुसतं वापरायचं त्यांनी उघडू नये. मला उघडल्याशिवाय राहवत नाही.

स्मिथच्या उजव्या अंगाला एक झाकणपट्टी असते. स्क्रू काढून ती पेचकसाने उचकटायची नाही, कड कायमची दुखावते. मुठीच्या लोखंडावर लाकडी दांड्याने हलकं ठोकत राहायचं, ती आपसूक वर येते. आत बघितलं की आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाची आठवण येते. प्रत्येक तुकडा पुढच्याला ढकलतो, कुणी रिकामं बसलेलं नाही. माझी आवडती एक पातळ सळई आहे. चाप पूर्ण मागे नसेल तर ती घोड्याच्या आणि चौकटीच्या मध्ये येऊन बसते, म्हणजे हातातून पडलं तरी बार होत नाही. 1944 मध्ये एका बोटीवर रिव्हॉल्व्हर पडलं, बार उडाला आणि खलाशी गेला, त्यानंतर कंपनीने घाईघाईने ही बसवली. एवढ्याशा पत्र्यामागे एक माणूस आहे.

आता फजिती. पहिल्यांदा उघडलं तेव्हा चाप परत आणणारी स्प्रिंग सुटली आणि गेली. तळघर दोनदा झाडलं. नवी मागवली. भाद्रपदात मखराचा खोका उघडला तर थर्माकोलच्या खांबात रुतून बसलेली! आता पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडतो. बायको म्हणते, बाळंतपण करतोयस का?

नेमबाज ताई

लोकांना वाटतं .32 म्हणजे जुनाट, पाटलांच्या कपाटातली गोष्ट. पण 25 मीटर सेंटरफायर प्रकारात महागडी इटालियन आणि जर्मन पिस्तुलं हेच .32 स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस खातात, फक्त गोळीचं तोंड सपाट असतं, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडायला.

आमच्या सरांकडे त्यांचं स्वतःचं .32 रिव्हॉल्व्हर होतं. वरळीच्या रेंजवर ते नव्या मुलांच्या हातात ते रिकामं द्यायचे, घरांत खोटी काडतुसं घालून. नळीवर माशीमागे, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटीमागे, एक रुपयाचं नाणं. चाप सगळा ओढायचा, घोडा पडेपर्यंत नाणं पडता कामा नये. सिंगल अ‍ॅक्शन करायचं नाही. मी पहिले आठ दिवस रुपयाच उचलत होते. नंतर कुठलंही पिस्तूल हाती आलं की चाप लोण्यासारखा वाटायचा. सर गेल्यावर मुलाने ते परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. कुणी घेतलं ठाऊक नाही. घेणाऱ्याने एकदा तरी नाणं ठेवून बघावं.

कोल्टभक्त

कोल्टच्या पायथन रिव्हॉल्व्हरचं नाव अजून कुणी काढलं नाही? 1955 चं. मध्ये बंद पडलं, 2020 मध्ये पुन्हा आलं. चाक उजवीकडे फिरतं, स्मिथसारखं डावीकडे नाही. बाकी चालू द्या.

घड्याळवाला (न्यू जर्सी)

आणि जुन्या पायथनचा चाप शेवटाकडे जाताना जड होत जातो, तेही सांगा की. :)

लीड्सकर

आमच्याकडे ब्रिटनमध्ये 1997 च्या हँडगन बंदीच्या कायद्याने विषयच संपला. वेब्ली बर्मिंगहॅमची, पण बघायची तर रॉयल आर्मरीज म्युझियममध्ये काचेआड. मुलाला घेऊन दोनदा गेलोय. त्याला हत्तीचं चिलखत आवडतं.

माईआजी (ऑस्टिन)

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. यांच्याकडे स्मिथचं मॉडेल 19 होतं, .357 चं. हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी म्हणते, आई, विकून टाक. शनिवारी सकाळी हे गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून साफ करत बसायचे. त्या हॉप्पीज नंबर 9 या साफ करायच्या द्रावणाचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि मी ओरडायचे. मागच्या महिन्यात मी स्वतः रेंजवर जाऊन आले. .38 स्पेशलच्या हलक्या काडतुसांनी (तीही यात चालतात) बारा बार काढले, सहा कागदाला लागले. पण आता .357 ची लांब काडतुसं चाकात पूर्ण बसत नाहीत. बिघडलं का?

ह्यूस्टनकर

माई, बिघडलेलं नाही. .38 ची काडतुसं आखूड, त्यांच्या तोंडाशी घरात काजळीचं कडं धरतं, लांब काडतूस तिथे अडतं. जोर लावून बसवू नका. रिकामं करा, कांस्याचा ब्रश आणि तेच नंबर 9, प्रत्येक घर नीट घासा. आणि ते कातडी पाकिटात ठेवलं असेल तर आधी बाहेर काढा, कातड्यातलं रसायन पॉलिश खातं.

माईआजी (ऑस्टिन)

पाकिटातच होतं, काढलं. तळाशी तांदळाचे दाणे निघाले, मिठाच्या बरणीत घालतो तसे. ओल धरू नये म्हणून यांनीच टाकलेले असणार. ब्रश मागवते.