तणनाशकानं तण मेलं, त्यात अभ्यास कायचा?

पऱ्हाटीवाला: भाचा पुण्याले एमए करून राहिला, विषय काय तं म्हणे विज्ञान-तंत्रज्ञानानं समाज कसा बदलते. सुट्टीत आला आन पहिले आमच्या वावरात निंदाले येत होत्या त्या बायाइले इचारत फिरला, तणनाशक आल्यावर तुमचं काय झालं. अरे बावा, तण मेलं, दुसरं काय होईन! कृषीची डिग्री घेतली असती तं बोंडअळीवर तरी काही सांगतलं असतं.

काळी कसदार: तण मेलं बरोबर हाये, पण निंदणाचा रोज बाईच्या हातात पडत होता. फवारणीचा पंप माणसाच्या पाठीवर, पैसाही त्याच्याच खिशात. पोरगं बरोबर ठिकाणी इचारून राहिलं.

रामराम पाटील: काय बोलता ताई, ऐन निंदणाच्या टायमाले बाया भेटत नाई म्हणून तं लोक तणनाशकाकडे गेले. परवानगी नसतानाही चोर बीटी, म्हणजे अळी मारणारा जीन असलेलं आन तणनाशकबी सहन करणारं कापसाचं बियाणं, गावोगाव पेरते ते काय हौस म्हणून? 2019 ले अकोट तालुक्यात शेतकऱ्याइनं उघड उघड पेरलं, गुन्हे दाखल झाले तरी. तणनाशक सहन करणारी पऱ्हाटी पायजे म्हणजे पायजे. पुण्यात बसून निंदणाचं गोडवं गाणं सोपं हाये, वाकून पाहा एक दिवस.

रिटायर मास्तर: भाऊ, गोडवं कोणी गात नाही. 2017 आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. लेबलवर मास्क, हातमोजे सगळं छापलेलं होतं, पण त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकाच पंपात, अंगात साधा शर्ट, आणि फवारणारे कितीतरी जण दुसऱ्याच्या वावरातले मजूर. औषध कोणतं मारायचं ते दुकानदार सांगणार. लेबल लिहिणाऱ्यानं हा मजूर पाहिलाच नव्हता, तो मजूर पाहायला कुठल्या विषयात शिकवतात सांगा?
आणि बीटीचंही तेच. 2002 साली आपल्याकडे हायब्रीडातच आलं, त्याची सरकी पुन्हा पेरली तर पीक तसंच येत नाही, म्हणून दरवर्षी नवं पाकीट. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेल्या वाणात आहे. जीन सारखाच, पण आपल्या घरची सरकी पेरणं बंद झालं, हे काय अळीनं ठरवलं?

रामराम पाटील: मास्तर, त्याच बीटीनं सुरुवातीले हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी केल्या, तेबी सांगा ना. गुलाबी बोंडअळी नंतर बीटी पचवाले शिकली. तुमच्या अभ्यासात नेहमी नुकसानच काऊन निंघते?

काळी कसदार: फायदाही लिहा की, कोन नाई म्हन्ते. फक्त फायदा कोणाले झाला ते नाव घालून लिहा.

पऱ्हाटीवाला: हे सगळं ठीक हाये, पण भाच्याले नोकरी कोन देईन ते कोनीच नाई सांगतलं.