'उलंगवाडी' : बुडणे, संपणे की मोकळे होणे?

शाळेतल्या बाई

मी मूळची सांगली जिल्ह्यातली असून गेली अकरा वर्षे यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मराठी शिकवते. 'उलंगवाडी' हा शब्द मी पहिल्यांदा इथेच ऐकला आणि त्याचा अर्थ 'नाश' किंवा 'दिवाळे' असा धरून चालले, कारण बातम्यांच्या मथळ्यांत तो बहुतेक वेळा त्याच अंगाने येतो. निवडणुकीत एखादा पक्ष पुरता हरला की पक्षाची उलंगवाडी, गिऱ्हाईक तुटले की बाजाराची उलंगवाडी. मागच्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले, 'आता माझ्या आबाजीची उलंगवाडी झाली, म्हणून ते दिवसभर पारावर बसतात.' वडीलधाऱ्या माणसाबद्दल असे लिहू नये, असे सांगून मी ते वाक्य खोडले. दुसऱ्या दिवशी ते आजोबाच शाळेत आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ते म्याच सांगतलं होतं त्याले. त्यात खोडासारखं काय हाय?" मला उत्तर देता आले नाही. हा शब्द अशुभ आहे का, आणि नसेल तर तो नेमका कशाचा शेवट सांगतो, हे ज्यांच्या घरात तो रोज बोलला जातो त्यांनी सांगावे.

धुरकरी, वर्धा जिल्हा

ताई, आजोबांचे बरोबर आहे आणि मथळे लिहिणाऱ्यांचे चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृगाच्या पावसावर सरकी, म्हणजे कपाशीचे बी, टोबली की पुढचे चार महिने डवरणी, निंदण आणि खत यांतच जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात, तेव्हा आम्ही सीतादही करतो, म्हणजे वावरातच पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आणि मग पहिला वेचा काढतो. त्यानंतर दुसरा आणि तिसरा वेचा येतो, आणि पुढे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, इतकी थोडी बोंडे उरतात की वेचणाऱ्या बायांची मजुरीही त्यातून निघत नाही. कोरडवाहू वावरात ही वेळ पौष-माघात येते. तेव्हा आम्ही 'कापूस उलंगला' म्हणतो आणि त्या अवस्थेला उलंगवाडी म्हणतो. ती झाली की राखण सुटते. आदल्या दिवसापर्यंत ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढोर चढले तरी भांडण व्हायचे, त्याच वावरात गावची ढोरे मोकळी चरतात. मागाहून पऱ्हाट्या उपटून घरी आणतात, त्या वर्षभर चुलीला पुरतात. तुरीचीही उलंगवाडी होते, परंतु मुळात हा शब्द कापसाचाच, असे आमच्याकडे मानतात.

यातली मुख्य गोष्ट अशी की, पीक बुडाले तर आम्ही त्याला उलंगवाडी म्हणत नाही. पाऊस दडी मारून बसला आणि पऱ्हाटी उभी वाळली, तर ती नापिकी. तेव्हा माणूस 'पीक गेलं' म्हणतो आणि ते म्हणताना त्याचा आवाज वेगळा असतो. उलंगवाडी होण्यासाठी आधी वेचे निघालेले असावे लागतात. थोडे असो वा फार, वावराने द्यायचे ते दिले, आपण घ्यायचे ते घेतले आणि आता कोणाचे कोणाकडे काही राहिले नाही, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे. हरलेल्या पक्षाला तो लावणे मला म्हणूनच खटकते. आजोबांनी तो स्वतःला लावला, कारण त्यांच्या आयुष्याचे वेचे निघून गेले आणि राखण सुटली. माझ्या कानाला तरी ते समाधानाचे वाक्य वाटते.

सरवा वेचणारीची लेक, यवतमाळ जिल्हा

काकाजी, तुमचे सगळे मान्य करूनही एक बाजू मांडते, कारण तुम्ही शब्द धुऱ्याच्या आतून पाहिला आहे आणि माझ्या आईने तो धुऱ्याबाहेरून पाहिला.

आई किलोच्या हिशेबाने कापूस वेचायची. मालकाच्या घरी उलंगवाडी म्हणजे निवांतपणा आला, पण आमच्या घरी त्याच दिवशी हातचे काम गेले. पुढे मोहफुले आणि तेंदूपत्त्याचा हंगाम येईपर्यंत दिवस कसे काढायचे, याचा विचार आईच्या चेहऱ्यावर त्याच संध्याकाळी दिसायचा. तरीही ती उलंगवाडीची वाट पाहायची आणि त्याचे कारण होते सरवा. मालकाने वेचणी संपल्याचे सांगेपर्यंत त्याच्या वावरात कोणी पाय ठेवत नसे. त्याने सांगितले की मग झाडावर चुकून राहिलेले, मातीत पडलेले, कवडी झालेले बोंड गोळा करायला कोणालाही मुभा असे. असा चार-पाच दिवसांचा सरवा ओच्यात बांधून आई किराणा दुकानात न्यायची आणि त्याच्या बदल्यात तेल, मीठ, चहापत्ती आणायची. "झाली का हो तुमची उलंगवाडी?" हा प्रश्न ती मालकिणीला इतक्या आदबीने विचारायची की तो आजही माझ्या कानात आहे.

आता वेचणी संपली की दोन दिवसांत ट्रॅक्टर येतो आणि उभ्या पऱ्हाटीवर रोटाव्हेटर फिरतो. माती सुधारते, हे मला समजते. पण शब्दचर्चेत याची नोंद व्हावी असे वाटते, कारण या शब्दात दुसऱ्याला वावर मोकळे करून देण्याचा जो अर्थ होता, तो ढोरे आणि सरवा यांच्यासोबत निघून चालला आहे. नव्या पोरांना त्यातला फक्त 'संपले' एवढाच भाग ऐकू येतो, आणि मथळ्यांतला अर्थ बहुधा तिथूनच बिघडला असावा.

काळी माती, अकोला जिल्हा

ताईंनी सरव्याचा मुद्दा आणला हे फार चांगले झाले. मी त्याला आणखी एक शब्द जोडतो, कारण त्याच्याशिवाय उलंगवाडी पूर्ण कळणार नाही. तो शब्द आहे 'फरदड'.

वेचे संपल्यावर पऱ्हाटी न काढता तिला पुन्हा पाणी आणि खत द्यायचे, नवी पाती, म्हणजे कळ्या, आणि बोंडे धरू द्यायची आणि हंगामाबाहेरही कापूस वेचत राहायचे, याला फरदड घेणे म्हणतात. उसाचा खोडवा वेगळा, कारण तिथे ऊस तोडून घेतात आणि बुंध्यातून नवा फुटवा येतो. फरदडीत जुनेच झाड थकलेल्या अवस्थेत राबवलेले असते, आणि त्याचा कापूस वजनाला आणि धाग्याला दोन्हीकडून हलका निघतो. त्याहून वाईट गोष्ट गुलाबी बोंडअळीची आहे. ही अळी बोंडाच्या आत राहते आणि उभ्या पऱ्हाटीवर तिला बाराही महिने घर मिळते. बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेल्या बीटी कापसाला आपल्या देशात 2002 साली आणि त्याच्या दुसऱ्या पिढीला 2006 साली मान्यता मिळाली, परंतु गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली आणि 2017 च्या हंगामात विदर्भात तिने जो घात केला, तो इथल्या प्रत्येक घराला आठवतो. तेव्हापासून कृषी विद्यापीठ आणि कापूस संशोधनातली मंडळी दर वर्षी एकच गोष्ट सांगत आली आहेत की, डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका आणि अळीला मधले काही महिने उपाशी ठेवा. दुसऱ्या शब्दांत, उलंगवाडी होऊ द्या.

हे लिहिताना मला आपल्या आजच्या दिवसाची ठेवण डोळ्यासमोर येते. माझा मुलगा शहरातल्या एका कंपनीचे काम गावातल्या घरी बसून करतो. जेवताना फोन वाजतो, रात्री अकरा वाजता निरोप येतो आणि रविवारीही तो 'जरा पाहून घेतो' म्हणून उठतो. शाळा सुटते तिथून मुलांची शिकवणी सुरू होते आणि उन्हाळ्यात पुढच्या इयत्तेचे वर्ग लागतात. आमच्या हौसेचेही तेच झाले आहे. पूर्वी भजनी मंडळ माघानंतर बसायचे आणि पेरणीच्या आधी उठायचे, आता त्याचा गट फोनवर अखंड चालू असतो. या सगळ्याला आपण 'बिझी' म्हणतो, पण तो शब्द फक्त गर्दी सांगतो. खरे नाव 'फरदड' आहे, असे मला मनापासून वाटते. झाड थकले, वेचे निघून गेले, तरी पाणी देणे चालूच आहे.

दिवसाचे काम संपवण्यासाठी आपल्याकडे दुसरा नेमका शब्द मला सापडत नाही. 'सुट्टी' कोणीतरी दुसऱ्याने द्यावी लागते. 'निवृत्ती' ठरलेल्या वयाला मिळते आणि आयुष्यात एकदाच येते. 'बंद' म्हटले की कुठेतरी अपयश आल्यासारखे वाटते. उलंगवाडीत यातले काहीच नाही. वावर आपलेच असते, मृग पुन्हा येणार असतो आणि मधल्या मोकळ्या दिवसांबद्दल कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. म्हणून हा शब्द कापसापुरता ठेवू नये, संध्याकाळी सात वाजताही वापरावा, असे मी सुचवतो.

शाळेतल्या बाई

सर्वांची मी ऋणी आहे. आज वर्गात ते वाक्य मी फळ्यावर लिहिले, मुलाची माफी मागितली आणि त्याच्या वहीतली लाल रेघ काढून टाकली.

एक व्याकरणाची गोष्ट तुमच्या लिहिण्यातूनच लक्षात आली, ती नोंदवते. काकाजी आणि आजोबा दोघेही 'उलंगवाडी झाली' असेच म्हणतात. झाड रिकामे होते, ओल सरते आणि ती आपोआप होते. कोरडवाहू शेतीत त्यासाठी निर्णय घ्यावा लागत नव्हता. विहिरीला पाणी असेल तेव्हा मात्र ती होत नाही, करावी लागते. काल पालकसभेनंतर याच विषयावर बोलणे निघाले, तेव्हा ओलिताचे शेत असलेले एक पालक म्हणाले, "आम्ही तं यंदा डिसेंबरातच उलंगवाडी करून टाकली, बाई. पानी होतं विहिरीत, तरी केली." 'उलंगवाडी करणे' हा प्रयोग मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मुलांच्या शब्दसंग्रहाच्या वहीत आता 'होणे' आणि 'करणे' ही दोन्ही रूपे लिहून घेतली आहेत.