एलिफंट बीच: बोटीने की पायी?
अंदमानातील एलिफंट बीचला बोटीने जावे की चालत, याबाबत माझे मत पायवाटेच्या बाजूने आहे. स्वराज द्वीपावर (म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक) राधानगरच्या रस्त्यावरून फुटणारी जंगलवाट वाटाड्यासोबत साधारण तासाभरात संपते. मात्र शेवटी कांदळवनाचा चिखल लागतो आणि भरतीला तिथे पाणी चढते, त्यामुळे ओहोटीची वेळ आधीच विचारून निघावे. साधी चप्पल त्या चिखलात हमखास रुतते. माझी एक तिथेच राहिली. बीचवर स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासाची नळी धरून, पाण्याखाली पाहत पोहणे) करताना मास्कखाली केसाची एखादी बट आली किंवा मिशी दाट असली, तरी पाणी आत झिरपत राहते. दम लागला म्हणून प्रवाळावर उभे राहू नये, कारण तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत असते.