मदत हवी आहे: आईच्या खात्यातून अंगठ्यावर पैसे गेले. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं तर रेशन मिळेल का?

नमस्कार. मी पुण्यात असते, आई कराडजवळ गावी एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, एटीएम कार्ड तिने कधी घेतलं नाही आणि ओटीपी कुणाला सांगितलेला नाही. तरी तिच्या खात्यातून दोनदा मिळून ९,५०० रुपये गेले. पासबुक भरायला गेली तेव्हा कळलं. नोंदीपुढे 'एईपीएस' लिहिलंय, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर पैसे काढणं. शाखेत म्हणाले, "आजी, अंगठा तुमचाच लागलाय." तेव्हापासून ती रोज फोनवर विचारते, "मी कुठं अंगठा दिला गं?"

थोडं वाचलं तेव्हा समजलं, की या पद्धतीत आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून रबरी बोटं बनवल्याची प्रकरणं इतर राज्यांत पकडली गेली आहेत. आईने गेल्या वर्षभरात अंगठा किंवा आधारची झेरॉक्स कुठे दिली ते आठवायला बसलो: रेशनची केवायसी, सिमकार्ड, जमिनीचं वाटणीपत्र, बचत गटाचं कर्ज. पुढे आठवेना.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. आता बायोमेट्रिक लॉक करायचं म्हणते, म्हणजे उघडेपर्यंत तिचा अंगठा आधारवर कुठेच चालणार नाही, पण रेशन दुकानात अंगठाच लागतो. शिवाय आधारला आणि खात्याला बाबांचा नंबर जोडलेला होता. बाबा गेल्यावर ते सिम बंद पडलं, त्यामुळे बँकेचे मेसेजही आईला आले नाहीत. काय करू?

प्रतिसाद १
ताई, आधी नंबर बदला. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, म्हणजे आईचे ओटीपी आज कुणा परक्याच्या फोनवर जात असतील. पोस्टमनकाकांना विचारा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे ते घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात. माझ्या मते आईचा नको, तुमचाच नंबर जोडा. लॉक केल्यावर रेशनच्या दिवशी आई रांगेतून फोन करेल, तुम्ही पुण्यातून तेवढ्यापुरतं उघडाल. थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. आमच्या मामींचं असंच चालतं. आणि झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात.

प्रतिसाद २
लॉकपेक्षा बँकेत लेखी अर्ज द्या, की या खात्यातून आधारवर पैसे काढणं बंद करा. रेशनला काही अडत नाही. पैशांसाठी शाखेत जावं लागेल, हे मात्र आईंना आधी विचारा. गुडघे दुखत असतील तर दुसऱ्या बँकेत छोटं खातं काढून त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच ठेवा, अंगठा तिथे चालू द्या.

"अंगठा तुमचाच" म्हणून ऐकून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून व्यवहार कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर काहीच बोजा नाही. पासबुक भरल्याची तारीख जपून ठेवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पोस्टमनकाका काल येऊन गेले, नंबर आता माझा आहे. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून गेल्या ६ महिन्यांत आईचं आधार कधी कधी तपासलं गेलं ती यादी उघडली. पासबुकातल्या दोन्ही तारखा तीत आहेत. त्यातल्या दुसऱ्या तारखेला आई माझ्याकडे पुण्यात होती, डोळ्यांच्या डॉक्टरांची पावती आहे.

मोठ्या खात्यावर अंगठा बंद करायचा आणि दुसऱ्या बँकेत छोटं खातं काढायचं, हे आईला पटलंय. आता शाखेला लेखी द्यायचं आहे: व्यवहार कुठल्या गावच्या कुठल्या मशीनवर झाला ते सांगा, आणि ही पावती सोबत. असा अर्ज कुणी दिला असेल तर मजकूर इथे टाकाल का? सोमवारी सकाळी आईला घेऊन शाखेत जाणार आहे.